पथकर आणि न्याय : वेल्समधील रिबेका आंदोलनाचा (१८३९–१८४४) एक अभ्यास

बीजसंज्ञा : पथकर, टर्नपाइक ट्रस्ट, वेठ, मक्तेदारी, रिबेका आंदोलन, लोकल फंड.

प्रस्तावना

रस्ता बांधणे जेवढे खर्चाचे, त्याहून तो वर्षानुवर्षे नीट राखणे अधिक खर्चाचे असते. पाऊस, चिखल आणि जड गाड्यांची चाके यांमुळे होणारी झीज दरवर्षी भरून काढावी लागते. हा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाला इतिहासात प्रामुख्याने तीन उत्तरे दिली गेली. ज्या गावातून रस्ता जातो त्या गावाने तो सोसावा, हे पहिले उत्तर. जो रस्ता वापरतो त्याने सोसावा, हे दुसरे. संपूर्ण प्रदेशाने अथवा राष्ट्राने सामाईक करांतून सोसावा, हे तिसरे. इंग्लंड व वेल्समध्ये सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत ही तिन्ही उत्तरे क्रमाने अंमलात आली. त्यामुळे पथकराच्या न्याय्यतेचा विचार करण्यासाठी तेथील इतिहास विशेष उपयुक्त ठरतो.

पथकराविषयीच्या चर्चेत सामान्यतः ‘वापरणाऱ्याने पैसे द्यावेत’ हे तत्त्व न्याय्य आहे की नाही, एवढाच प्रश्न विचारला जातो. वेल्सचा इतिहास मात्र निराळ्या दिशेने विचार करण्यास भाग पाडतो. तेथे पथकर प्रथम आला तो स्थानिक रहिवाशांवरील अन्याय दूर करण्याच्या हेतूने, आणि पुढे तोच स्थानिक रहिवाशांवरील अन्यायाचे साधन बनला. तत्त्व तेच राहिले, परंतु त्याची व्यवस्था बदलली. हा बदल कसा व का घडला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) इंग्लंड-वेल्समधील रस्तेदुरुस्तीच्या व्यवस्थेचा विकास संक्षेपाने मांडणे, (२) रिबेका आंदोलनाची कारणे पथकराच्या व्यवस्थेच्या संदर्भात तपासणे, (३) १८४४च्या कायद्याने या प्रश्नावर काढलेल्या तोडग्याचे मूल्यमापन करणे, (४) मुंबई इलाखा व महाराष्ट्रातील अनुभवाच्या संदर्भात त्यातून मिळणारा बोध नोंदविणे. लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. नैर्ऋत्य वेल्समधील कार्मार्थनशायर, पेंब्रोकशायर व कार्डिगनशायर हे तीन परगणे अभ्यासाच्या केंद्रस्थानी आहेत.

वेठीपासून पथकराकडे

इंग्लंडमध्ये १५५५ साली झालेल्या कायद्याने रस्त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीने ठरणाऱ्या ग्रामघटकावर, टाकली. प्रत्येक पॅरिशने आपल्यातूनच दोन रस्ते-देखरेखदार नेमावेत आणि रहिवाशांनी वर्षातून चार दिवस रस्त्यावर विनामोबदला काम करावे, असे ठरले. १५६३ साली हे चार दिवस सहा करण्यात आले. ज्याच्याकडे नांगराखालील जमीन होती त्याने बैल वा घोड्यांसह गाडी व दोन माणसे पाठवावयाची. ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याने स्वतः अंगमेहनत करावयाची. आपल्याकडील परिभाषेत सांगावयाचे तर ही एक प्रकारची वेठच होती.

गावचा रस्ता गावच्याच वापरात होता तोपर्यंत ही व्यवस्था कशीबशी चालली. परंतु सतराव्या शतकात लंडनची वस्ती व व्यापार वाढला आणि राजधानीकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गांवर जड मालगाड्यांची वर्दळ सुरू झाली. हर्टफर्डशायरमधील खेड्यांतून जाणाऱ्या उत्तरेच्या महामार्गाची दुरुस्ती तेथील शेतकऱ्यांच्या कुवतीबाहेर गेली. रस्ता उखडणाऱ्या गाड्या परगावच्या, त्यांवरील माल परगावचा, नफा व्यापाऱ्यांचा. खडी टाकण्याचे काम मात्र गावकऱ्यांचे, अशी ही स्थिती होती. यावर उपाय म्हणून १६६३ साली पार्लमेंटने पहिला टर्नपाइक कायदा केला आणि हर्टफर्डशायर, केंब्रिजशायर व हंटिंग्डनशायर या तीन परगण्यांत पथकर घेण्यास परवानगी दिली. वेड्समिल येथे यातील पहिला नाका उभा राहिला. पथकराचा उगम अशा प्रकारे स्थानिकांना दिलासा देण्याच्या विचारातून झाला, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे.

अठराव्या शतकाच्या आरंभापासून हे काम न्यायाधिकाऱ्यांकडून स्वतंत्र विश्वस्त मंडळांकडे, म्हणजे टर्नपाइक ट्रस्टांकडे, जाऊ लागले. प्रत्येक ट्रस्टसाठी पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा असे आणि त्याची मुदत बहुधा २१ वर्षांची असे. १८३०च्या दशकाच्या अखेरीस अशा ट्रस्टांची संख्या एक हजाराहून अधिक होती. त्यांच्या ताब्यात २०,०००हून अधिक मैल लांबीचे रस्ते होते आणि नाक्यांची संख्या आठ हजारांच्या घरात होती. तरीही देशातील एकूण रस्त्यांपैकी हा वाटा एक पंचमांशाहून कमीच होता. उरलेले सर्व रस्ते पॅरिशच सांभाळत होती. टर्नपाइक रस्त्यांनी प्रवासाचा वेग निश्चितच वाढविला. अठराव्या शतकाच्या मध्यास लंडनहून एडिंबरोला जाण्यास दहा-बारा दिवस लागत. १८३०च्या दशकात टपालगाडी हे अंतर सुमारे दोन दिवसांत तोडू लागली. हे यश नाकारण्याचे कारण नाही.

पथकराच्या न्याय्यतेचा सैद्धांतिक विचार ॲडम स्मिथ याने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थशास्त्रीय ग्रंथात केला. गाडीच्या वजनाच्या प्रमाणात रस्त्याची झीज होते. म्हणून वजनाच्या प्रमाणात घेतलेला आणि केवळ दुरुस्तीवर खर्च होणारा पथकर हा अत्यंत न्याय्य कर होय, असे त्याचे मत होते. परंतु त्याच पथकराचा उपयोग दुरुस्तीपलीकडील उत्पन्नासाठी केला, तर तो तितकाच अन्यायकारक ठरेल, असेही त्याने बजावले. कारण मग त्याचा भार मालाच्या किमतीवर न पडता वजनावर पडेल आणि स्वस्त, अवजड माल वापरणारा गरीब वर्ग त्याखाली भरडला जाईल. वेल्समध्ये पुढे सुमारे सहा दशकांनी नेमके हेच घडले.

कर्ज, मक्ता आणि आडवाटांवरील नाके

ट्रस्टांची आर्थिक रचना कर्जावर उभी होती. पथकराच्या भावी उत्पन्नाच्या तारणावर स्थानिक जमीनदार व धनिकांकडून पैसा उभारावयाचा, त्यातून रस्ता करावयाचा आणि वसुलीतून व्याज फेडावयाचे, अशी ती पद्धत होती. वेल्ससारख्या विरळ वस्तीच्या डोंगराळ मुलखात वाहतूकच कमी असल्याने वसुलीचा मोठा भाग व्याजात जाई आणि दुरुस्तीसाठी थोडेच उरे. ज्या ट्रस्टला व्याजही भागविता येत नसे, त्याला उत्पन्न वाढविण्यासाठी नवे नाके उभारण्यावाचून दुसरा मार्ग दिसत नसे.

वसुलीचे काम ट्रस्ट स्वतः करीत नसत. नाक्यांचा लिलाव होई आणि सर्वांत मोठी बोली करणाऱ्यास वसुलीचा मक्ता मिळे. मक्त्याची रक्कम भरल्यानंतर वर जे मिळेल तो मक्तेदाराचा नफा. साहजिकच प्रत्येक पै वसूल करणे आणि चुकवून जाणाऱ्यांच्या वाटा बंद करणे यांवर त्याचा भर असे. टॉमस बुलिन हा या काळातील एक मोठा मक्तेदार होता आणि अनेक ट्रस्टांचे नाके त्याच्या ताब्यात होते. मुख्य रस्त्यावरील नाका टाळून गावकरी ज्या आडवाटांनी जात, त्या आडवाटांच्या तोंडाशीच लहान नाके उभारण्याची पद्धत याच सुमारास बोकाळली. परिणामी ज्याने ट्रस्टच्या रस्त्यावर केवळ काही यार्डांपुरते पाऊल ठेवले, त्यालाही पूर्ण पथकर द्यावा लागू लागला.

याच काळात स्थानिक रस्त्यांच्या खर्चाची बाजूही बदलली. १८३५च्या महामार्ग कायद्याने वेठीची जुनी पद्धत रद्द झाली आणि तिच्या जागी पॅरिशमध्ये रस्तेपट्टी रोख स्वरूपात वसूल होऊ लागली. ट्रस्टांना पूर्वी पॅरिशच्या वेठीतील काही वाटा मिळत असे. तो बंद झाल्याने त्यांचा तोटा आणखी वाढला. १८४१च्या कायद्याने, पथकराचे उत्पन्न अपुरे पडत असल्यास पॅरिशच्या रस्तेपट्टीतील काही रक्कम टर्नपाइक रस्त्यासाठी वळविण्याचा अधिकार न्यायाधिकाऱ्यांना मिळाला. शिवाय टर्नपाइक रस्त्याच्या दुरुस्तीची अंतिम कायदेशीर जबाबदारी पॅरिशवरून कधीच उतरली नव्हती. ट्रस्टने रस्ता राखला नाही तर खटला पॅरिशवर होई आणि दंडही तिलाच भरावा लागे. म्हणजे शेतकऱ्याने आपल्या गावच्या रस्त्यासाठी पट्टी द्यावयाची, त्याच पट्टीतून ट्रस्टची तूट भरावयाची, नाक्यावर पथकर द्यावयाचा आणि एवढे करूनही रस्ता खराब राहिला तर दंडही सोसावयाचा, असा हा एकावर एक चढलेला भार होता.

चुन्याची गाडी

हा भार वेल्सच्या शेतकऱ्याला सर्वाधिक जाणवला तो चुन्याच्या वाहतुकीत. नैर्ऋत्य वेल्सच्या उंचवट्यावरील जमिनी आम्लधर्मी असल्याने त्यांत चुना मिसळल्यावाचून पीक येत नसे. चुनाभट्ट्या किनाऱ्याजवळ अथवा चुनखडीच्या पट्ट्यात होत्या आणि उन्हाळ्याच्या आरंभी दूरदूरचे शेतकरी रात्रीच गाड्या जुंपून तेथे जात. चुना स्वस्त, पण वजनाला जड. वाटेत दोन-तीन ट्रस्टांच्या हद्दी लागत आणि प्रत्येक ट्रस्ट आपला पथकर वेगळा घेई. एका ट्रस्टच्या नाक्यावर भरलेली रक्कम दुसऱ्या ट्रस्टला मान्य नसे. त्यामुळे काही मार्गांवर चुन्याच्या मूळ किमतीपेक्षा त्यावर भरलेला पथकरच अधिक होई.

येथे ‘वापरणारा’ या शब्दाचा अर्थच बदललेला दिसतो. १६६३ साली हर्टफर्डशायरमध्ये वापरणारा म्हणजे दूरवरचा माल लंडनला नेणारा व्यापारी वाहतूकदार होता. १८३९ साली वेल्समध्ये वापरणारा म्हणजे आपल्याच शेतात चुना नेणारा खंडकरी कूळ होते. त्याला दुसरा रस्ता नव्हता आणि चुना न टाकण्याचा पर्यायही नव्हता. याउलट टपालगाड्यांना १७८५पासून पथकर माफ होता. रस्त्याचा वेग ज्यांच्या उपयोगाचा होता त्यांपैकी काहींना सूट आणि ज्यांना केवळ रस्त्याची वाट हवी होती त्यांच्यावर भार, अशी ही विषम वाटणी होती.

रिबेकाचा उठाव

१८३०च्या दशकाच्या अखेरीस ओल्या हंगामांमुळे पिके बुडाली होती. चर्चला द्यावयाचा दशमांश रोख रूपात बदलण्यात आला होता आणि १८३४च्या गरीब-कायद्याने नव्या वर्कहाउसांसाठी पट्टी बसविली होती. अशा वेळी व्हिटलंड ट्रस्टने एव्हाइलवेन येथे नवा नाका उभारला. १३ मे १८३९ रोजी रात्री जमावाने तो उद्ध्वस्त केला. पुन्हा उभारलेला नाका जून महिन्यात पुन्हा पाडण्यात आला. यावेळी चेहऱ्यास काजळी फासलेले व स्त्रीवेश केलेले पुरुष अग्रभागी होते आणि त्यांच्या पुढाऱ्यास ‘रिबेका’ म्हणून संबोधिले जात होते. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात रिबेकेला तिच्या वंशजांनी शत्रूंच्या वेशी ताब्यात घ्याव्यात असा आशीर्वाद दिलेला आहे. प्रार्थनामंदिरांत वाढलेल्या वेल्श शेतकऱ्यांना तो मुखोद्गत होता. अखेर जुलै १८३९मध्ये ट्रस्टच्या सभेत हे वादग्रस्त नवे नाके मागे घेण्याचे ठरले आणि आंदोलन शमले.

१८४२च्या हिवाळ्यात सेंट क्लियर्सजवळ आणखी एक नवा नाका उभा राहताच त्याचा पुन्हा भडका उडाला. १८४३च्या उन्हाळ्यापर्यंत ते तिन्ही परगण्यांत व त्यांपलीकडेही पसरले. १९ जून १८४३ रोजी कार्मार्थन येथील मोर्चातील जमाव वर्कहाउसमध्ये घुसला आणि घोडदळ आल्यावरच पांगला. प्रारंभीच्या टप्प्यात रोष मुख्यत्वे आडवाटांवरील नव्या नाक्यांवर होता, ही बाब महत्त्वाची आहे. लंडनच्या ‘टाइम्स’ने पाठविलेला वार्ताहर टॉमस कँपबेल फॉस्टर याने शेतकऱ्यांच्या सभांना उपस्थित राहून त्यांची गाऱ्हाणी इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचविली आणि दंगेखोर जमाव म्हणून ज्यांची संभावना होत होती, त्यांची बाजू प्रथमच देशासमोर आली.

आंदोलनाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. धमकीची पत्रे, गंज्या जाळणे आणि वैयक्तिक सूड यांचे प्रमाण क्रमाने वाढत गेले. ६ सप्टेंबर १८४३च्या रात्री पोंटारदुलाइसच्या नाक्यावर पोलिसांशी झालेल्या चकमकीत जॉन ह्यूज हा शेतकऱ्याचा मुलगा पकडला गेला; पुढे त्याला २० वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर काही दिवसांतच हेंडी येथील नाका जाळताना तेथील सुमारे ७५ वर्षांची नाकेदारीण सेरा विल्यम्स गोळी लागून मरण पावली. पंचांनी मृत्यूचे कारण अज्ञात असल्याचा निर्णय दिला. ना ती कर्जदार ट्रस्टची भागीदार होती, ना मक्त्यातील नफ्याची. अन्याय्य व्यवस्थेचा सर्वांत कनिष्ठ पगारी माणूसच तिच्याविरुद्धच्या रोषाचा बळी ठरतो, ही या प्रकरणातील सर्वांत खेदजनक बाब होय.

चौकशी आयोग आणि १८४४चा कायदा

सरकारने एकीकडे सैन्य व पोलीस पाठविले, तर दुसरीकडे ऑक्टोबर १८४३मध्ये सर टॉमस फ्रँकलंड ल्यूइस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगाने गावोगावी साक्षी घेतल्या आणि मार्च १८४४मध्ये अहवाल सादर केला. शेतकऱ्यांच्या अनेक तक्रारी खऱ्या असल्याचे, तसेच लहान लहान ट्रस्टांचा कारभार ढिसाळ असल्याचे आयोगाने मान्य केले. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने दक्षिण वेल्सच्या सहा परगण्यांतील ट्रस्टांचा कारभार प्रत्येक परगण्याच्या एका रस्तेमंडळाकडे सोपविला. जुनी कर्जे एकत्र करून फेडण्याची व्यवस्था झाली, पथकराचे दर एकसारखे करण्यात आले आणि चुन्यावरील पथकर निम्म्यावर आणला गेला. एकदा पथकर भरल्यावर किमान सात मैलांपर्यंत पुन्हा तो द्यावा लागू नये, अशा रीतीने नाक्यांची अंतरे ठरविण्यात आली.

या तोडग्यात पथकर रद्द झाला नव्हता, हे विशेष होय. तरीही शांतता प्रस्थापित झाली. यावरून शेतकऱ्यांचा विरोध पथकराच्या कल्पनेला नसून त्याच्या रचनेला होता, असे अनुमान काढता येते. नाक्यांतील अंतर, दरांची समानता, शेतीच्या गरजेच्या मालाला सवलत आणि जबाबदार सार्वजनिक मंडळाच्या हाती हिशेब या चार गोष्टींनी तोच कर सुसह्य झाला.

तथापि हा तोडगाही कायमचा नव्हता. रेल्वेने लांब पल्ल्याची वाहतूक ओढून घेतल्यावर उर्वरित देशातील ट्रस्ट डबघाईस आले. ते बंद पडू लागताच त्यांचे रस्ते पुन्हा पॅरिशच्या गळ्यात पडले आणि १६६३पूर्वीचा जुनाच प्रश्न उभा राहिला. १८७८च्या कायद्याने अशा मुख्य रस्त्यांचा निम्मा खर्च परगण्याने सोसावा असे ठरले. १८८८च्या स्थानिक शासन कायद्याने मुख्य रस्ते नव्या परगणा परिषदांकडे गेले आणि दक्षिण वेल्समधील पथकरही संपुष्टात आला. अखेरचा ट्रस्ट १८९५ साली अँगलसी बेटावर बंद झाला.

मुंबई इलाखा व महाराष्ट्र

इंग्लंडमध्ये ही व्यवस्था मावळत असतानाच हिंदुस्थानात तिची उभारणी चालू होती. कंपनी सरकारने १८५१ साली पथकराचा कायदा केला. मुंबई इलाख्यासाठी रस्ते व पूल यांवरील पथकराचा स्वतंत्र कायदा १८७५ साली झाला आणि त्यात वसुली मक्त्याने देण्याची तरतूद होती. तत्पूर्वी १८६९च्या लोकल फंड कायद्याने जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा उपकर बसविला होता. त्याचा दोन तृतीयांश भाग रस्ते व तत्सम कामांसाठी आणि एक तृतीयांश शाळांसाठी होता. म्हणजे येथेही शेतकरी सारा भरताना रस्त्यासाठी एक आणा देई आणि गाडी घेऊन बाजारास निघाल्यावर नाक्यावर पुन्हा देई. शेतकऱ्यांवरील करांच्या भाराविषयी जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जी टीका केली, तिच्यात लोकल फंडाचाही समावेश आहे.

एकविसाव्या शतकात खासगीकरणातून रस्तेबांधणी सुरू झाल्यावर हाच प्रश्न महाराष्ट्रात नव्या रूपात पुढे आला. कोल्हापूर शहरांतर्गत सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा प्रकल्प खासगी कंपनीस ३० वर्षांच्या वसुलीहक्काने देण्यात आला, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे आदींच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय आंदोलन उभे राहिले. घरपट्टी महापालिकेस, वाहनकर राज्यास आणि आपल्याच शहरात फिरण्यासाठी पुन्हा पथकर, हा आंदोलकांचा आक्षेप वेल्श शेतकऱ्याच्या आक्षेपाशी मिळताजुळता आहे. जानेवारी २०१४मध्ये तेथेही नाके जाळले गेले आणि डिसेंबर २०१५मध्ये शासनाने हा पथकर रद्द केला. परंतु रस्त्यांची रक्कम नाहीशी झाली नाही. ती शासनाच्या, म्हणजे सर्व करदात्यांच्या, खात्यावर गेली. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८च्या नियमांत दोन नाक्यांमध्ये सामान्यतः ६० किलोमीटर अंतर असावे आणि २० किलोमीटरच्या परिसरातील स्थानिक खासगी वाहनांना सवलतीचा मासिक पास मिळावा, अशा तरतुदी करण्यात आल्या. १८४४च्या सात मैलांच्या नियमामागील विचार त्यांत स्पष्ट दिसतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. पथकर हा मुळात स्थानिक रहिवाशांना परक्या वाहतुकीचा खर्च सोसावा लागू नये म्हणून आला. ज्या क्षणी नाका स्थानिकांच्या दैनंदिन वाटेवर येतो, त्या क्षणी या कराचे मूळ समर्थनच संपते.

२. पथकराचा भार स्वतंत्रपणे मोजता येत नाही. त्याच रहिवाशाने पट्टी, उपकर अथवा वाहनकर या रूपाने रस्त्यासाठी आधीच काय दिले आहे, हे विचारात घेतल्यावाचून त्याची न्याय्यता ठरविता येणार नाही.

३. वसुलीतून दुरुस्तीपेक्षा कर्जाचे व्याज व मक्तेदाराचा नफा अधिक भागत असेल, तर तो पथकर राहत नाही. हिशेब जाहीर नसल्यास हे प्रमाण जनतेला कळण्याचा मार्गच उरत नाही आणि तक्रार करावयास नाक्यावरील माणसाखेरीज कोणी समोर दिसत नाही.

४. पथकर रद्द केल्याने खर्च रद्द होत नाही. तो पॅरिशकडून प्रवाशाकडे, प्रवाशाकडून परगण्याकडे सरकतो. म्हणून पथकराला विरोध करणाऱ्यांनी हा भार पुढे कोणावर जाणार, या प्रश्नाचे उत्तर देणे तितकेच आवश्यक ठरते.

१८४४चा कायदा टिकला, कारण त्याने ही चारही सूत्रे काही अंशी मान्य केली. ती मान्य होण्यासाठी पाच वर्षांचा उठाव, काळ्या पाण्याच्या शिक्षा आणि एका वृद्धेचा मृत्यू घडावा लागला. जी चौकशी १८४३च्या ऑक्टोबरात सुरू झाली ती एव्हाइलवेनचा पहिला नाका पडला तेव्हाच, १८३९ साली, सुरू करता आली असती. नाका उभारण्यापूर्वी त्याच्या आसपास राहणाऱ्यांची साक्ष घेणे हा खर्चाचा अपव्यय नव्हे, हाच या इतिहासाचा बोध होय.